हाताने रंगवलेला गेम अर्ध्या तासाने अडकायला लागतो आणि रीइन्स्टॉल करूनही पुन्हा अडकतो, तेव्हा

तक्रार जवळजवळ शब्दशः सारखीच असते. गेम हाताने काढलेल्या चित्रांचा, गोष्ट सांगत पुढे जाणारा. एक इवलंसं पात्र, उड्या, कडे, काटे, मधूनच भेटणारी माणसं. सुरुवातीला सगळं झकास. वीस-पंचवीस मिनिटं झाली की एका दालनातून दुसऱ्यात शिरताना चित्र क्षणभर थिजतं. मग थिजणं वाढत जातं. उडीचं बटण वेळेवर दाबलेलं असतं, पात्र मात्र काठावरून सरळ खाली. वैतागून गेम काढायचा, पुन्हा टाकायचा, अर्धा तास एकदम बेस्ट चालतो, आणि मग ये रे माझ्या मागल्या.

नाशिकमध्ये ओळखीपाळखीतल्या पोरांचे लॅपटॉप माझ्याकडे येत असतात, त्यांचा हा ठरलेला आजार. पुढचा प्रश्नही ठरलेला: 'मोठमोठे गोळीबाराचे गेम चालतात यावर, मग हे कार्टूनच का अडकतं?' 'हॉलो नाइट' असो, 'कपहेड' असो की 'ग्रिस', उत्तर बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सापडतं. एक उष्णता, दुसरं मेमरी. आणि दोन्हींवर रीइन्स्टॉलने तात्पुरता आराम पडतो, म्हणून खरं कारण कुणी शोधतच नाही.

आराम का पडतो, ते बघा. गेम काढला, पुन्हा डाउनलोडला लावला आणि तुम्ही जेवायला गेलात. तेवढा वेळ लॅपटॉप जवळपास रिकामा बसला, पंखा मंदावला, आतलं तापमान उतरलं. मधे एकदा रीस्टार्टही झालं असेल, म्हणजे सकाळपासून उघडे असलेले ब्राउझरचे टॅब गेले आणि मेमरी मोकळी झाली. नव्याने टाकलेला गेम चालला तो यामुळे. खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी गेमला हातच लावू नका. लॅपटॉप बंद करा, तेवढाच वेळ थंड होऊ द्या, मग सुरू करून फक्त गेम उघडा. पुन्हा तीच पहिली वीस मिनिटं सुरळीत गेली, तर गेमच्या फाइल्स ठणठणीत आहेत.

फाइल्सबद्दल तरीही शंका असेल तर स्टीमच्या (गेम विकत घेऊन उतरवायचं ऑनलाइन दुकान) लायब्ररीत गेमवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग इन्स्टॉल्ड फाइल्स, आणि तिथे 'व्हेरिफाय'चं बटण आहे. एखादी फाइल बिघडली असेल तर तेवढीच नव्याने येते. काही मिनिटांचं काम. त्यासाठी अख्खा गेम डाउनलोड करून महिन्याचा डेटा संपवायची गरज नाही.

आधी हे ठरवा: अडकतंय, की चित्रच तसं आहे?

हा भाग बहुतेक जण गाळतात आणि मग नसलेल्या दुखण्यावर औषध शोधत बसतात.

सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात. हाताने ॲनिमेशन करणारे कित्येकदा एक चित्र दोन फ्रेमपुरतं धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला बाराच चित्रं. डोळ्याला ते चालतं, उलट त्यातच हातकामाची गोडी असते. फ्रेम-फ्रेमने हालचाल उभी करणं आपल्या जिल्ह्याला तसं नवं नाही. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिल्या मोठ्या चित्रपटाआधी कुंडीतलं वाटाण्याचं रोप एकेक फ्रेम टिपत वाढवून दाखवलं होतं. असो. मुद्दा असा की २०१७ चा 'कपहेड' घ्या. त्यातली पात्रं कागदावर पेन्सिलीने काढलेली आहेत आणि त्यांची हालचाल २४ फ्रेमच्या हिशेबाने बसवली आहे, गेम मात्र ६० फ्रेमने चालतो. ज्याच्या डोळ्यांना तुळतुळीत त्रिमितीय गेमची सवय आहे, त्याला अशा पात्राचा हात झटके देत हलल्यासारखा वाटणारच.

ओळखायचं कसं? पात्राकडे बघूच नका. लांब पळत जा आणि मागच्या डोंगरांकडे, झाडांकडे, जमिनीच्या कडेकडे लक्ष ठेवा. ती सरळ, एकसारखी सरकत असतील आणि फक्त पात्राचे हातपाय टप्प्याटप्प्याने हलत असतील, तर ती चित्रकाराची चाल आहे. तिथे काही दुरुस्त करायचं नाही. पार्श्वभूमीच हिसका देत असेल, मधेच थांबून पुढे उडी घेत असेल, तर मात्र खरं अडकणं आहे.

आता ते मोजा. नुसता फ्रेमचा आकडा बघून काही कळत नाही, कारण तो सरासरी सांगतो. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. सेकंदभरात एकच फ्रेम शंभर मिलिसेकंदांची निघाली तरी आकडा पन्नाशीच्या आसपासच दिसेल, पण नेमकी तीच फ्रेम तुमची उडी खाईल. म्हणून फ्रेम टाइमचा, म्हणजे एकेका फ्रेमला किती वेळ लागला त्याचा आलेख हवा. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर कुठल्याही कंपनीच्या लॅपटॉपवर चालतं आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर हा आलेख गेमच्या वरच दाखवतं. रेष सपाट असेल तर ठीक. मधूनच सुळका वर येत असेल, तर तो केव्हा येतो तेवढं टिपून ठेवा: दालन बदलताना, खूप शत्रू एकदम आल्यावर, की काहीच घडत नसताना.

सोबत टास्क मॅनेजर उघडून ठेवा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबायचं, मग परफॉर्मन्स टॅब. गेम अडकू लागला की लगेच ऑल्ट-टॅब करून दोनच गोष्टी बघायच्या. सीपीयूच्या खाली 'स्पीड' लिहिलेला असतो आणि बाजूला 'बेस स्पीड'. चालू स्पीड बेसच्याही बराच खाली गेला असेल, तर मशीन तापलंय किंवा त्याला पुरेशी वीज मिळत नाहीये. स्पीड छान आहे पण मेमरी नव्वद टक्क्यांच्या पुढे आहे, तर दुखणं तिकडे. दोन्ही झालं असेल तर आधी उष्णतेचं बघा. ते फुकटात होतं.

उष्णता

नाशिकची हवा थंड, असं बाहेरचे म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत खरंही आहे. पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो, आणि सिडकोतल्या किंवा पंचवटीतल्या वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या खोलीत दुपारी चारला काय होतं ते तिथे राहणाऱ्यालाच विचारा. लॅपटॉप बाहेरची हवा आत ओढून गार होतो. खोलीतली हवाच चाळीस अंशांची असेल तर तो गार होणार कशाने? प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. हा बिघाड नव्हे, ठरवून दिलेलं संरक्षण आहे. ज्यांचं दुखणं दिवाळीत गायब होतं आणि होळीनंतर परत येतं, त्यांनी पुढे फार शोधाशोध करायची गरज नाही.

माझ्या भाच्याचं असंच. 'मामा, गेमच बंडल आहे, कितीदा टाकला तरी तेच.' लॅपटॉप कुठे ठेवून खेळतोस, विचारलं. गादीवर, पोटावर उशी घेऊन. खालच्या जाळ्या उशीत गाडलेल्या. 'अरे, त्याला नाक दाबून पळायला लावतोस, मग धाप लागणारच,' म्हटलं. टेबलावर घेऊन मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची झाकणं ठेवली. बोटभर उंची, बस्स. कूलिंग पॅडचे पैसे त्यानंतर द्या, आधी झाकणं लावून बघा.

एवढ्याने भागलं नाही तर खालचं झाकण उघडायची वेळ आली. वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीला विचारा आणि शक्यतो त्यांच्याकडूनच साफ करून घ्या. वॉरंटी संपली असेल तर स्वतः करता येतं. आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. पंख्यावर वरवर धूळ दिसते, ती पुसून लोक झाकण बंद करतात. खरा अडथळा त्याच्या पुढे असतो. पंखा जिथे हवा फेकतो तिथे तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची जाळी असते. पंखा आणि जाळीच्या मधल्या फटीत धूळ, केस, गोधडीचे धागे दाबून दाबून नमद्यासारखी पट्टी तयार होते. चिमट्याने धरून ओढली की अख्खी एका तुकड्यात निघते. सातपूर-अंबडच्या बाजूच्या घरांत ही पट्टी जरा काळपट आणि चिकट निघते, असा माझा अनुभव. ती निघाल्याशिवाय कितीही फुंकर मारा, हवा जाळीतून बाहेर जातच नाही.

फुंकताना पंख्याचं पातं टूथपिकने अडवून धरा. हवेच्या जोराने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याच्या स्थिर विजेने बोर्डाचं नुकसान होऊ शकतं. चार-पाच वर्षं जुना लॅपटॉप असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता पुढे वाहून नेणारा लेप) सुकून खडूसारखी झालेली असते, ती बदलून घ्या. हे हाताला सवय नसेल तर दुकानातच केलेलं बरं.

यातलं काही न उघडताही एक मोठी गोष्ट करता येते, आणि द्विमितीय गेमसाठी ती सर्वांत परिणामकारक आहे. फ्रेमना लगाम घाला. या गेमचा मेनू म्हणजे एखादं चित्र आणि थोडं धुकं. व्ही-सिंक (गेमच्या फ्रेम पडद्याच्या वेगाशी जुळवणारं सेटिंग) बंद असेल तर मशीन त्या स्थिर चित्राच्याही सेकंदाला शेकडो फ्रेम काढत बसतं. तुम्ही पॉज करून चहा प्यायला जाता आणि परत येता तोवर पंखा बोंबलत असतो. खेळ सुरू व्हायच्या आधीच मशीन तापलेलं. तेव्हा गेममध्ये ६० ची मर्यादा असेल तर ती लावा. नसेल तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'मॅक्स फ्रेम रेट' आहे, एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'चिल' आहे, आणि वर सांगितलेल्या रिव्हाट्यूनरमध्येही ही सोय आहे.

दुसरी युक्ती पॉवर ऑप्शन्समधली. चालू प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट उघडून 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० ऐवजी ९९ करा. बऱ्याच लॅपटॉपवर याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा थोडा वेळ चढणारा जादा वेग, बंद होतो. वेग थोडा उतरतो, तापमान मात्र एकदम खाली येतं. वरच्या टोकाचा वेग पाच मिनिटं मिळून नंतर कोसळण्यापेक्षा मधला वेग तासभर टिकणं अशा गेमसाठी केव्हाही चांगलं. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो, तिथे कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधला 'क्वायट' किंवा 'बॅलन्स्ड' मोड लावून बघा.

आणि चार्जर बघा. १२० वॉट मागणाऱ्या लॅपटॉपला रूममेटचा ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर लावला तर चार्जिंगचं चिन्ह येतं, पण मशीन वीज पुरवून पुरवून वापरतं आणि वेग पाडतं. 'कधी अडकतो, कधी नाही' अशी तक्रार असेल तर हे आधी विचारा: कोणत्या दिवशी कोणता चार्जर होता?

मेमरी, आणि 'कार्टून' जड का असतं

आता त्या प्रश्नाकडे येऊ. त्रिमितीय गेममध्ये एक दगड बनवला की तो फिरवून, लहानमोठा करून शंभर ठिकाणी वापरता येतो. हाताने रंगवलेल्या गेममध्ये चित्रकाराने जे काढलं ते चित्र म्हणूनच साठवावं लागतं. पात्र पळतं तेव्हाची दहा-बारा चित्रं, उडीची वेगळी, पडण्याची वेगळी, कडा धरून लोंबकळण्याची वेगळी. ही सगळी एका मोठ्या तक्त्यावर मांडतात. ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचा एक तक्ता, प्रत्येक पिक्सेलला चार बाइट, म्हणजे ६४ एमबी. दाबून ठेवला तर साधारण १६ एमबीत मावतो, पण दाबल्याने जलरंगाचे मऊ उतार आणि पेन्सिलीच्या कडा खराब दिसू शकतात, म्हणून काही चित्रं न दाबताच ठेवली जातात. अशा तक्त्यांची संख्या धरा आणि मग 'साधं कार्टून' म्हणा.

दुसरं, थर. समोर अंधारलेली पानं, मग पात्र, मग भिंत, धुकं, लांबचे डोंगर, आकाश. यातलं पुष्कळसं अर्धपारदर्शक. 'ग्रिस'सारख्या गेमचं सगळं सौंदर्य या थरांत आहे, आणि ग्राफिक्स चिपसाठी तीच डोकेदुखी. पडद्यावरचा एकच पिक्सेल ती एका फ्रेममध्ये सहा-आठ वेळा रंगवते. यात डोकं फारसं लागत नाही, मेमरीतून माल आणण्याचा वेग लागतो.

आणि इथेच आपल्याकडचे लॅपटॉप मार खातात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे चिप मुख्य रॅममधूनच उसनवारी करते. रॅम ८ जीबी, तीही एकाच कांडीची. डीडीआर४-३२०० ची एक कांडी सेकंदाला २५.६ जीबी माल वाहते, दोन लावल्या तर ५१.२. एका कांडीवर प्रोसेसर, ग्राफिक्स, ब्राउझर सगळ्यांनी एकाच वाटेने जायचं म्हणजे संध्याकाळी साडेसहाला द्वारका चौकातून जाण्यासारखं. गाडी कितीही भारी असो.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की खाली 'स्लॉट्स यूज्ड' दिसतं. दोनांतला एक ('१ ऑफ २') म्हणजे एक जागा रिकामी आहे, आणि तिथे तशीच दुसरी कांडी बसवणं हा या लॅपटॉपवरचा सर्वांत फायद्याचा खर्च. नवीन गेमिंग लॅपटॉपसाठी घरी हट्ट करण्याआधी हे करा. एम. जी. रोडला किंवा कॅनडा कॉर्नरला जाताना जुन्या कांडीवरच्या लेबलचा फोटो घेऊन जा. डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते. डेस्कटॉपची लांब कांडी लॅपटॉपला चालत नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाग देऊन पक्की केलेली असते, तिथे यातलं काहीच होणार नाही, हे दुकानात जायच्या आधी मॉडेलच्या माहितीत बघून घ्या.

खर्च करायचा नसेल तर गेम सुरू करताना ब्राउझर पूर्ण बंद करा, म्हणजे खरंच पूर्ण. क्रोम खिडकी बंद केल्यावरही मागे चालू राहू शकतो, टास्क मॅनेजरमध्ये बघा. मग रिझोल्यूशन उतरवा. १९२० बाय १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. १२८० बाय ७२० म्हणजे ९,२१,६००. रंगवण्याचं काम निम्म्याहून कमी झालं. चित्र थोडं मऊ दिसेल, पण रंगवलेल्या गेममध्ये ते फारसं खुपत नाही, हे मी कुणालाही लावून दाखवायला तयार आहे. मात्र लक्षात घ्या, रिझोल्यूशनने रंगवण्याचं काम हलकं होतं, साठवलेली चित्रं तेवढीच राहतात. त्यामुळे लढाईत अडकणं थांबेल, दालन बदलताना थिजणं कदाचित थांबणार नाही.

दालन बदलतानाच सुळका येत असेल तर गेम कुठे टाकलाय ते बघा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवा. स्टीममध्ये त्याच इन्स्टॉल्ड फाइल्सच्या पानावर 'मूव्ह'चं बटण आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये सी ड्राइव्ह एसएसडी आणि डी ड्राइव्ह हार्ड डिस्क असते, आणि 'गेम डी-मध्येच टाकायचे' ही शिकवण जुन्या काळातली अजून चालत आलेली आहे.

नव्या भागात पहिल्यांदा शिरताना किंवा नवा हल्ला पहिल्यांदा दिसताना क्षणभर अडकलं आणि परत तिथे गेल्यावर अडकलं नाही, तर ते शेडर (चित्र कसं रंगवायचं ते ग्राफिक्स चिपला सांगणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्याचं असतं. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केल्यावर ते सगळं पुन्हा एकदा होतं. सोडून द्या. आणि मशीन थंड, मेमरी मोकळी, तरी ठरावीक सेकंदांनी न चुकता हिसका येतोय, तर तो गेमच्या आतला दोष आहे. तुमच्या हातात अपडेटची वाट पाहण्यापलीकडे काही नाही.

फक्त उडी उशिरा लागत असेल

आलेख सपाट आहे, पार्श्वभूमी सुरळीत सरकते, तरी बटण दाबल्यावर पात्र उशिरा उडतं. हे वेगळं प्रकरण.

टीव्हीला जोडून खेळत असाल तर टीव्हीचा 'गेम मोड' चालू करा. टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी प्रत्येक फ्रेमवर प्रक्रिया करतो आणि त्यात वेळ जातो. सिनेमा बघताना आवाजही तेवढाच मागे ढकलला जातो म्हणून कळत नाही, उडी मारताना लगेच कळतं. हाताने रंगवलेल्या गेमला टीव्हीचं 'मोशन स्मूदिंग' तर अजिबात नको. चित्रकाराने मुद्दाम दोन फ्रेम धरलेल्या चित्रांच्या मधे टीव्ही स्वतःच्या मनाने चित्रं घुसवतो, आणि सगळं साबणाच्या फेसासारखं गुळगुळीत होऊन बसतं.

ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज सहज दीड-दोनशे मिलिसेकंद मागे असू शकतो. उडी वेळेवर लागलेली असते, तिचा आवाज उशिरा येतो आणि मेंदूला वाटतं उडीच उशिरा लागली. तारेचा हेडफोन लावून एकदा खेळा, फरक लगेच कळेल.

वायरलेस कंट्रोलरचा डोंगल (लॅपटॉपला लावायचा त्याचा छोटा रिसीव्हर) यूएसबी ३ च्या पोर्टला, चालू असलेल्या पेनड्राइव्हच्या शेजारी लावलेला असेल तर तो हलवा. यूएसबी ३ ची उपकरणं २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात आणि डोंगल त्याच पट्ट्यात बोलतो. हातभर एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल लांब नेला की दाबलेली बटणं गिळणं थांबतं.

व्ही-सिंकबद्दल उलटसुलट सल्ले ऐकायला मिळतात. ६० हर्ट्झच्या पडद्यावर फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत तयार झाली तर ठीक. १७ लागले तर साधं व्ही-सिंक पुढच्या फेरीची वाट बघतं आणि तीच फ्रेम ३३ मिलिसेकंदांनी दिसते. म्हणजे मशीन किंचित कमी पडलं तरी वेग ६० वरून थेट ३० वर आपटतो. आधी रिझोल्यूशन उतरवून मशीनला दम घेऊ द्या आणि व्ही-सिंक चालूच ठेवा. बंद केलं तर उडी जरा चपळ होते, पण चित्र आडवं फाटतं, आणि आडव्या सरकणाऱ्या रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ते फाटणं फार घाण दिसतं.

दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवाल्यांनी सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन गेम निवडावा आणि 'हाय परफॉर्मन्स' करावं. विंडोजला हा गेम साधा वाटतो आणि तो छोट्या चिपवर टाकून मोकळा होतो.

गेम काढण्याआधी सेव्ह बाजूला घ्या

एवढं सगळं करूनही कुणी रीइन्स्टॉल करणारच असेल, तर आधी सेव्हची कॉपी काढा. गोष्टीच्या गेममध्ये चाळीस तासांचा प्रवास पुसला गेला तर पुन्हा सुरुवात करायचा धीर होत नाही. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर बनलेल्या गेमच्या सेव्ह बहुधा तुमच्या यूजर फोल्डरमधल्या 'ॲपडेटा', त्यातल्या 'लोकललो' आणि त्यातल्या निर्मात्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतात. 'हॉलो नाइट'साठी तिथे 'टीम चेरी' नावाचं फोल्डर शोधा. आत चार जागांसाठी यूजर१ ते यूजर४ अशा डॅट फाइल्स असतात. ॲपडेटा लपवलेलं असतं, म्हणून फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन 'हिडन आयटम्स' दाखवायला सांगा. फोल्डर पेनड्राइव्हवर टाका. क्लाउडवर विसंबून राहू नका. लाइट जाऊन अर्धवट लिहिलेली सेव्ह क्लाउडही इमानेइतबारे वर चढवतो.

गेम नुकताच घेतला असेल तर अजून एक. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांच्या आत असेल तर पैसे परत मागता येतात. मेनू उघडा ठेवून जेवायला गेलात तर तोही वेळ खेळण्यातच धरला जातो. तेव्हा नवीन गेमची चाचणी पहिल्याच दिवशी, भर दुपारी, लॅपटॉप नेहमीच्या जागी ठेवून सलग तासभर खेळून घ्या. त्या तासात अडकला तर रॅमचा स्लॉट रिकामा आहे का ते बघा, आणि नसेल तर सरळ रिफंड मागा.